न आलेल्या रोग्याची नोंद

“फुकट दिलेल्या वस्तूची माणसाला किंमत राहत नाही.” वाचक बंधुभगिनींनो, हे वाक्य आपण आयुष्यात किती वेळा ऐकले असेल? शाळेची फी माफ झाली तेव्हा ते आपल्या वडिलांनी ऐकले. वसतिगृहात ताट मिळाले तेव्हा आपण ऐकले. शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन खिडकीशी उभ्या राहिलेल्या आपल्या मुलीने तर ते अगदी परवा ऐकले. बोलणारा दर वेळी निराळा असतो. कधी मास्तर, कधी कारकून, कधी शेजारचा सुखवस्तू गृहस्थ. परंतु एक गोष्ट मी नेहमी पाहत आलो आहे. हे वाक्य उच्चारणारा इसम ज्या रांगेविषयी बोलतो, त्या रांगेत तो स्वतः कधीही उभा नसतो.

आज मला या वाक्याची उलटतपासणी करावयाची आहे, आणि तीही दवाखान्याच्या दारात. त्यासाठी आपणांस माझ्याबरोबर आफ्रिकेत, केनिया, युगांडा, घाना या देशांत यावे लागेल. इतक्या दूर कशासाठी, असे आपण विचाराल. कारण हे की, आपल्याकडे हे वाक्य म्हणीसारखे तोंडोतोंडी फिरते. तेथे त्याला राज्यधोरणाचा दर्जा मिळाला आणि त्यामुळे त्याची परीक्षाही झाली. म्हणीला पुरावा लागत नाही. धोरणाला लागतो, निदान लागला पाहिजे. गरीब देशांतील आरोग्याचा खर्च कोणी व कसा सोसावा, यावर गेल्या चाळीस वर्षांत जे संशोधन झाले, त्याचा फार मोठा भाग या एका वाक्याभोवती फिरलेला आहे. मी वैद्य नव्हे आणि अर्थशास्त्रज्ञही नव्हे. मी वकील आहे. पुरावा वाचणे हा माझा व्यवसाय. त्याच नात्याने हे कागद मी आपल्यापुढे ठेवीत आहे.

१९७८ साली तेव्हाच्या सोव्हिएत कझाकस्तानातील अल्मा-आटा येथे जगातील राष्ट्रांनी एकत्र येऊन, सन २००० पर्यंत सर्वांना आरोग्य, अशी घोषणा केली. घोषणेची शाई वाळते न वाळते तोच गरीब देश कर्जाच्या गळफासात सापडले. त्यांच्या मालाचे भाव कोसळले, व्याजाचे दर चढले, सरकारी दवाखान्यांतील औषधांची कपाटे रिकामी पडली. अशा वेळी, १९८७ साली, जागतिक बँकेने विकसनशील देशांच्या आरोग्यसेवांच्या अर्थव्यवस्थेविषयी एक धोरणपुस्तिका प्रसिद्ध केली. तीत चार सूचना होत्या: सेवा घेणाऱ्याकडून शुल्क घ्यावे, विमा आणावा, खाजगी व इतर बिनसरकारी साधनांचा उपयोग करावा आणि कारभाराचे विकेंद्रीकरण करावे. चारांपैकी पहिली सूचना अमलात आणावयास सर्वांत सोपी. त्यासाठी कायदा लागत नाही, तज्ज्ञ लागत नाही. दारात एक टेबल, एक पावतीपुस्तक आणि एक कारकून बसविला की काम झाले.

त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात मालीची राजधानी बामाको येथे आफ्रिकेच्या आरोग्यमंत्र्यांनी दुसरी एक योजना स्वीकारली. तिच्यामागे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ या संस्था होत्या. तिचा हेतू मी वाईट म्हणणार नाही. रिकाम्या कपाटात औषधे यावीत, ती थोड्या नफ्याने विकावीत, जमलेला पैसा राजधानीकडे न जाता गावच्या समितीच्या हाती राहावा आणि त्यातूनच पुढची औषधे घ्यावीत, असा तिचा आराखडा होता. ज्या गावात पूर्वी काहीच मिळत नव्हते, तेथे या योजनेने कित्येक ठिकाणी औषध पोहोचविले, हेही खरे.

प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडावे, मगच खोडावे, ही आमच्या धंद्यातील रीत. फीच्या समर्थकांचे म्हणणे असे: फीतून पैसा उभा राहतो. फी असली की माणसे विनाकारण दवाखान्यात येत नाहीत. पैसे मोजून घेतलेले औषध माणूस जपून वापरतो. आणि ज्याला खरोखरच देणे शक्य नाही, त्याला माफी देता येते.

पहिल्या मुद्द्यावर वेळ घालविण्याचे कारण नाही. आफ्रिकेतील देशांचे हिशेब तपासले असता, फीतून मिळालेले उत्पन्न सरासरीने आरोग्यखात्याच्या चालू खर्चाच्या शेकडा ५ च्या आसपास भरले. आणि त्यातून पावतीपुस्तकाचा व कारकुनाचा खर्च वजा करावयाचा राहिलाच होता. म्हणजे ज्या पैशासाठी हा सारा खटाटोप, तो पैसाच हाती आला नाही.

दुसरा मुद्दा महत्त्वाचा आहे. केनियाने डिसेंबर १९८९ मध्ये सरकारी दवाखान्यांत फी लावली आणि सप्टेंबर १९९० मध्ये बाह्यरुग्णांची फी मागे घेतली. नैरोबी शहरात गुप्तरोगांवर उपचार करणारे एक मोठे सरकारी केंद्र होते. या नऊ महिन्यांत तेथे काय झाले, याचा हिशेब संशोधकांनी १९९२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. पूर्वी शंभर पुरुष येत, तेथे चाळीस येऊ लागले. शंभर स्त्रियांच्या जागी पासष्ट. आता आपणच विचार करा, उपदंशाचा रोगी गंमत म्हणून दवाखान्यात येतो काय? जे साठ पुरुष आले नाहीत, ते विनाकारण येणारे होते काय? आणि ते कोठे गेले? ते घरी गेले, वाचकहो. रोग अंगात घेऊन घरी गेले. फी उठल्यावर स्त्रियांची संख्या पूर्वीच्या १२२ टक्क्यांवर गेली, पुरुषांची मात्र ६४ टक्क्यांपर्यंतच परत आली. एकदा मिटलेले दार उघडले म्हणजे माणसे आपोआप परत येतात, असे समजू नये.

सांसर्गिक रोगाच्या बाबतीत तर फी हा प्रकार मुळातच विपरीत आहे. बरा झालेला रोगी स्वतःबरोबर शेजाऱ्यालाही वाचवितो. त्याच्याकडून पैसे घेणे म्हणजे आग विझविणाऱ्याकडून पाण्याचे भाडे घेणे होय.

आता तिसऱ्या मुद्द्याकडे वळू, कारण आपल्या म्हणीचा जीव त्यातच आहे. पैसे मोजलेल्या वस्तूची किंमत राहते, हे खरे की खोटे? याचा निकाल लावण्यासाठी अर्थशास्त्रज्ञांनी एक सरळ पद्धत वापरली. औषधाची परीक्षा ज्या रीतीने होते, त्या रीतीने धोरणाची परीक्षा घेतली. चिठ्ठ्या टाकून काही ठिकाणे निवडावयाची, तेथे वस्तू फुकट द्यावयाची. उरलेल्या ठिकाणी किंमत लावावयाची. आणि मग दोन्हीकडे काय घडते ते मोजावयाचे.

पश्चिम केनियातील बुसिया जिल्ह्यात शाळकरी मुलांना जंतांचे औषध देण्याचा कार्यक्रम चालू होता. मायकेल क्रेमर व एडवर्ड मिगेल या दोघांनी त्याचा अभ्यास केला. फुकट औषध होते तेथे शंभरांत पंचाहत्तर मुलांनी ते घेतले. काही शाळांत पालकांकडून अल्पशी रक्कम मागितली गेली. सरासरीने मुलामागे डॉलरचे सुमारे तीस सेंट. तेथे औषध घेणाऱ्यांची संख्या शंभरांत विसाच्याही खाली आली. याच क्रेमर यांना पुढे २०१९ साली अभिजित बॅनर्जी व एस्तेर दुफ्लो यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरा प्रयोग मच्छरदाणीचा. जेसिका कोहेन व पास्कलीन दुपा यांनी तो पश्चिम केनियातील वीस प्रसूतिपूर्व तपासणी केंद्रांत केला आणि त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. गरोदर स्त्रियांना हिवतापापासून संरक्षण देणारी, कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी काही केंद्रांत फुकट व काही केंद्रांत निरनिराळ्या किमतींना देण्यात आली. सर्वांत अधिक किंमत होती ४० शिलिंग, म्हणजे सुमारे साठ अमेरिकी सेंट. मूळ खर्चाच्या मानाने हा केवळ दहावा हिस्सा. नव्वद टक्के सवलत! तरीही फुकटाच्या मानाने मच्छरदाणी घेणाऱ्यांचे प्रमाण शंभरांत साठांनी घटले. इथवर आपणांस आश्चर्य वाटणार नाही. खरी गंमत पुढे आहे. ज्यांनी मच्छरदाणी नेली, त्यांच्या घरी जाऊन ती टांगली आहे की नाही, हेही पाहण्यात आले. फुकट नेणारीने ती पैसे देणारीपेक्षा कमी वापरली, असा पुरावा मिळाला नाही. एवढेच नव्हे, तर ज्यांनी पैसे मोजले त्या स्त्रिया अधिक आजारी, अधिक गरजू होत्या, असेही दिसले नाही. म्हणजे किमतीने चाळण लावली खरी. परंतु त्या चाळणीतून गरजू स्त्री वर राहून बेपर्वा स्त्री खाली पडली, असे झाले नाही. जिच्या कनवटीला नाणे होते ती आत गेली आणि जिच्या नव्हते ती बाहेर राहिली, इतकेच.

सुरुवातीची काही संशोधने असे सांगत होती की, फी लावल्याने दवाखान्यातील गर्दी फारशी कमी होत नाही. ही सारी सरासरीची किमया होती. पेरू व आयव्हरी कोस्ट या देशांतील माहितीवर पॉल गर्टलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जेव्हा श्रीमंत आणि गरीब घरांची आकडेमोड वेगळी केली, तेव्हा दिसून आले की श्रीमंताला फीचा ओरखडाही लागत नाही आणि गरीब मात्र पाठ फिरवून जातो. गावच्या पाटलाची व त्याच्या सालगड्याची जमीन एकत्र मोजून दोघांत वाटली, तर सालगडीही बागायतदार ठरेल. कागदावर.

राहता राहिला माफीचा मुद्दा. याविषयी आपणांस कोणी आफ्रिकेतून येऊन सांगावयास नको. दाखला हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे काय काय उभे राहते! जो दवाखाना फीच्या पैशातून औषधे विकत घेतो, त्याच दवाखान्याने फी माफ करावयाची, म्हणजे स्वतःच्या दाव्यात स्वतःच न्यायाधीश होणे. तेथे जो निकाल लागावयाचा तोच लागतो. याला एकच उपाय थोडाफार लागू पडलेला दिसतो, आणि तो कंबोडियात. तेथे २००० सालापासून गरिबांसाठी स्वतंत्र निधी उभारण्यात आला. रोगी गरीब असेल तर त्याची फी या निधीतून दवाखान्याला मिळते. पुढे गरीब कोण हे आजाराच्या घटकेला न ठरविता, आधीच, त्याच्या गावी ठरविण्याची व्यवस्था झाली. यावरून काय सिद्ध होते? हेच की, माफीचे पैसे दुसरा कोणीतरी भरतो तेव्हाच माफी खरी असते. एरवी ती फळ्यावर लिहिलेली एक ओळ.

आणि ज्याची माफीही झाली नाही व ज्याने उपचारही घेतला, त्याचे काय? येथे अर्थशास्त्र संपते आणि आमचे शास्त्र सुरू होते. मध्य आफ्रिकेतील बुरुंडी हा जगातील अत्यंत गरीब देशांपैकी एक. तेथील इस्पितळांत बिल न भरलेल्या रोग्यांना अडकवून ठेवीत असल्याचा अहवाल ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या संस्थेने २००६ साली प्रसिद्ध केला. बाळंतिणी, लहान मुले, शस्त्रक्रिया झालेली माणसे, सारी दारावरच्या पहारेकऱ्याच्या नजरेखाली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तेथील सरकारने बाळंतपण व पाच वर्षांखालील मुलांचे उपचार विनामूल्य केले होते. परंतु बाकीच्यांचे दार तसेच राहिले. केनियात नैरोबीच्या पुमवानी प्रसूतिगृहात २०१० साली दोन स्त्रियांना प्रसूतीनंतर बिलापायी अडकवून ठेवण्यात आले. त्या न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २०१५ मध्ये केनियाच्या उच्च न्यायालयाने ही अटक मनमानी व बेकायदा ठरविली, त्यांच्या स्वातंत्र्याचा व प्रतिष्ठेचा भंग झाल्याचे मान्य केले आणि त्यांना नुकसानभरपाई देवविली.

या निकालाचे मर्म कायद्याच्या विद्यार्थ्याला तत्काळ कळेल. देणे हे दिवाणी देणे आहे. आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६ अन्वये पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करण्याचा अधिकार न्यायालयालाही नाही. जे न्यायाधीशाला करता येत नाही, ते इस्पितळाचा पहारेकरी कोणत्या कायद्याने करतो? परंतु दारात फी बसविली की दाराशी पहारेकरीही आपोआप येतो. एकाचा पगार दुसऱ्यावर अवलंबून असतो.

येथवर खटला एकतर्फी चालला, असे आपणांस वाटेल. म्हणून आता माझ्याच पक्षाला अडचणीत आणणारा पुरावा वाचतो. तो लपवून ठेवणे हे आपल्या वाचकांची फसवणूक करण्यासारखे होईल.

युगांडाने मार्च २००१ मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या ऐन रंगात, सरकारी दवाखान्यांतील फी रद्द केली. गरीब माणसे दवाखान्यांत येऊ लागली. श्रीमंतांपेक्षा गरिबांचे प्रमाण अधिक वेगाने वाढले. परंतु २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, आजारपणाच्या खर्चाने ज्यांचा संसार बुडतो अशा गरीब घरांचे प्रमाण काही कमी झाले नाही. असे का व्हावे? संशोधकांनी दिलेले कारण वाचून आपण मान डोलवाल. फी गेली, परंतु तिच्या जागी सरकारचा पुरेसा पैसा वेळेवर आला नाही. दवाखान्यात औषध संपलेले. चिठ्ठी हाती आणि बाजारातले दुकान समोर. आणि कर्मचाऱ्यांनी हातावर काही ठेवण्याची अपेक्षा वाढविली असावी, असाही त्यांचा तर्क आहे. पावतीची फी गेली आणि बिनपावतीची आली.

घानातील पुरावा याहून कडू. तेथे डांग्मे वेस्ट जिल्ह्यात चिठ्ठ्या टाकून काही कुटुंबांना मुलांचे प्राथमिक उपचार विनामूल्य देण्यात आले. ती मुले दवाखान्यात अधिक आली. परंतु हिवतापाच्या हंगामाअखेर त्यांच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा फी भरणाऱ्या घरांतील मुलांच्या मानाने त्यांच्यात पांडुरोगाचे प्रमाण कमी आढळले नाही. २००९ साली हा निष्कर्ष छापून आला आणि फीच्या समर्थकांनी साहजिकच तो उचलून धरला. पाहा, फुकट देऊनही उपयोग झाला नाही! मी म्हणतो, निष्कर्ष खरा आहे. तो जरूर उचलून धरा. परंतु त्यातून निघते ते इतकेच की, उघड्या दाराच्या आत चांगला उपचार असावा लागतो आणि घरात सकस अन्न व डासांपासून बचावही असावा लागतो. दार बंद करावे, असे त्यातून निघत नाही. शाळेत जाऊनही मूल शिकले नाही, तर शाळेला कुलूप लावावे असे कोणी म्हणत नाही. निदान स्वतःच्या मुलाविषयी म्हणत नाही.

म्हणून फी रद्द करण्याची नुसती घोषणा करणाऱ्या मंत्र्याला आपण टाळ्या देऊ नयेत. टाळ्यांपूर्वी विचारावे की, फीची रक्कम किती होती, आणि तेवढी व तिच्याहून अधिक रक्कम अंदाजपत्रकात कोणत्या सदरात धरली आहे? घानाने २००३ साली राष्ट्रीय आरोग्यविम्याचा कायदा केला, तेव्हा त्यासाठी वस्तू व सेवांवर अडीच टक्क्यांचा स्वतंत्र कर बसविला. तेथील विम्यात दोष पुष्कळ निघाले; परंतु पैसा कोठून येणार, याचे उत्तर कायद्यातच लिहिलेले होते. रवांडाने हप्त्यांची सामूहिक योजना गावोगाव नेली आणि अत्यंत गरिबांचा हप्ता सरकार व देणगीदार यांच्यावर ठेवला. उलट एप्रिल २००१ मध्ये आफ्रिकेच्या राष्ट्रप्रमुखांनी नायजेरियातील अबुजा येथे शपथपूर्वक ठरविले की, अंदाजपत्रकाच्या शेकडा १५ रक्कम आरोग्याला देऊ. बहुतेकांनी ती शपथ पाळली नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस जेफ्री सॅक्स यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने अत्यावश्यक उपचारांसाठी माणशी वर्षाला ३४ डॉलर लागतील असा हिशेब दिला आणि अत्यंत गरीब देशांना तो स्वतःच्या बळावर पेलणार नाही, श्रीमंत देशांनी हात दिला पाहिजे, असे स्पष्ट लिहिले. तो हात किती भरवशाचा, हे २०२५ साली दिसले. अमेरिकेने आपल्या परदेशी मदतीचा फार मोठा भाग काही महिन्यांत बंद केला.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो.

या शास्त्रात एक मोजमाप आहे. घराच्या एकूण खर्चापैकी शेकडा १० हून अधिक, किंवा दुसऱ्या कसोटीने शेकडा २५ हून अधिक, पदरचा पैसा औषधपाण्यावर गेला, तर त्या घरावर आरोग्यखर्चाची आपत्ती कोसळली असे मानावयाचे. संयुक्त राष्ट्रांनीही आपल्या उद्दिष्टांत अनेक वर्षे हीच कसोटी वापरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या अहवालात दर वर्षी सुमारे १५ कोटी लोकांवर आरोग्यखर्चाची आपत्ती येते आणि १० कोटी लोक त्यापायी दारिद्र्यरेषेखाली ढकलले जातात, असे म्हटले होते. आकडे भयंकर आहेत. परंतु एक वकील म्हणून मी विचारतो, या आकड्यांत कोण नाही?

समजा, एका गावात दोन घरे आहेत. दोन्ही घरांत बाप आजारी पडला. पहिल्या घराने शेळ्या विकल्या, सावकाराचे कर्ज काढले, इस्पितळ गाठले. बाप वाचला, घर बुडाले. दुसऱ्या घराजवळ विकावयास शेळी नव्हती आणि त्याला सावकार उभा करीत नव्हता. बाप ओसरीवर पडून राहिला आणि आठव्या दिवशी गेला. आता पाहणी करणारा येतो. पहिल्या घरापुढे तो ‘आपत्तिग्रस्त’ असे लिहितो. दुसऱ्या घराला विचारतो, औषधपाण्यावर किती खर्च झाला? उत्तर मिळते, काही नाही. तो शून्य लिहितो आणि पुढे जातो. या हिशेबाने दुसरे घर सुरक्षित ठरले! जेथे अशी घरे अधिक, तो देश कागदावर अधिक सुखी. कसोटीतील टक्के बदलले, सूत्र बदलले, तरी हिशेबाची सुरुवात जोवर केलेल्या खर्चापासून होते, तोवर खर्चच करू न शकलेला माणूस त्यात येणार नाही.

संशोधकांना ही उणीव ठाऊक आहे आणि ते ती मान्यही करतात. परंतु मथळ्यात आकडा जातो व उणीव तळटीपेत जाते. मंत्री मथळा वाचतो. आपल्या समाजाला तर तळटीपेत राहण्याचा अनुभव नवा नाही. विहिरीवर न आलेला माणूस तहानलेला नव्हता, शाळेत न आलेल्या मुलाला शिकावयाचे नव्हते, असाच निकाल आपल्याविरुद्ध पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला. गैरहजेरी हाच पुरावा, आणि तोही गैरहजर माणसाच्याच विरुद्ध!

म्हणून अशा पाहण्यांत, तुम्ही आजारी होता काय, होता तर दवाखान्यात का गेला नाही, हे प्रश्न विचारले जाणे ही फार मोठी गोष्ट आहे. गरीब देशांतील स्त्रियांना, उपचारासाठी पैसे मिळविणे ही तुमची मोठी अडचण आहे काय, असे विचारणाऱ्या पाहण्या अमेरिकेच्या निधीवर चालत. २०२५ साली मदतीबरोबर त्यांचाही निधी थांबला आणि काम खंडित झाले. औषध बंद झाले ते दिसते. मोजणे बंद झाले ते कोणाला दिसणार?

हे सर्व ऐकून आपल्यापैकी एखादा स्वाभिमानी तरुण मला म्हणेल, “साहेब, आम्ही फुकटचे मागणारे नाही. आम्ही लाचारी टाकून दिली आहे. वीस रुपये लागत असतील तर वीस रुपये टाकू.” त्याच्या स्वाभिमानाविषयी मला आदर आहे, परंतु त्याचा हिशेब चुकतो आहे. सरकारी दवाखाना फुकट नसतो. साबणाच्या वडीवर, चपलेच्या जोडावर तू कर भरला आहेस. तुझ्या आजीनेही भरला. पैसे अगोदरच घेतलेले आहेत. प्रश्न इतकाच आहे की, आजारपणाच्या दिवशी, मजुरी बुडालेली असताना, ते दुसऱ्यांदा घ्यावयाचे की नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात स्त्रीकामगारांच्या प्रसूती-लाभाचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा देताना हा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलला पाहिजे, हे मान्य केले होते. बाळंतिणीने तो उचलावा, असे त्यांनी म्हटले नाही. १९४६ सालच्या भोर समितीनेही, पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराविना राहू नये, हेच तत्त्व धरले.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासणी व उपचारांपर्यंत सर्व विनामूल्य झाले आहे. उत्तम झाले. परंतु युगांडाचा कागद आपण आताच वाचला आहे. “हे औषध बाहेरून आणा” असे सांगणारी चिठ्ठी आपल्या हाती पडली, तर ती फाडून टाकू नका. तिच्यावर तारीख घाला आणि ती जपून ठेवा. धर्मादाय इस्पितळांविषयीही एक गोष्ट सांगतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेप्रमाणे अशा इस्पितळांनी शेकडा १० खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि शेकडा १० खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवावयाच्या आहेत. माझ्याकडे एक शेतमजूर वचनचिठ्ठी घेऊन आला होता. व्याजाचा दर वाचून घ्यावयाचा होता त्याला. कर्ज कशासाठी, असे विचारता कळले की, एका धर्मादाय इस्पितळाने मुलाला दाखल करण्यापूर्वी अनामत मागितली होती. योजनेचे नावही त्याला कोणी सांगितले नव्हते. अनामत भरून झाली होती, वचनचिठ्ठीवर अंगठा उठला होता. आणि मी काय वाचून दाखविणार?

तेव्हा माझी सूचना अशी. प्रत्येक वस्तीत एक वही घाला. गेल्या वर्षभरात जी माणसे आजारी असून दवाखान्यात गेली नाहीत, किंवा अर्ध्यावरून परत आली, त्यांची नावे तीत लिहा. आजार कोणता, किती दिवस अंगावर काढला, दवाखाना किती कोसांवर, किती पैसे कमी पडले, कोणी काय सांगून परत पाठविले, आणि पुढे त्या माणसाचे काय झाले. लिहिताना घरातल्या बाईला विचारा; पुरुष आपली अडचण झाकतो. अंगठ्याऐवजी सही येत असेल तर सही घ्या. वहीच्या दोन प्रती करा. एक ग्रामसभेत वाचून इतिवृत्तात नोंदवून घ्या, दुसरी आपल्याजवळ राहू द्या.